मेलेल्यांच्या गळ्यातले देव

मुतिर्दिसमावशी पाणीसुद्धा आधी वास घेऊन प्यायची. घडा तिचा, नदीवरून भरून आणलेला तिनेच, तरी तोंडाला लावण्याआधी नाकाशी धरायची. मांजरदेवी बास्तेतच्या टेकडीवर चढणाऱ्या पायऱ्या जिथे सुरू होतात, तिथे तिचं बियरचं दुकान होतं. नवस फेडायला आलेली माणसं वर जाताना घशाची कोरड घालवायला तिथे टेकायची आणि उतरताना पाय दुखतात म्हणून पुन्हा टेकायची. मावशीची बियर चांगली असायची, कारण तिचा कुणावर भरवसा नव्हता. सातू ती स्वतः दळायची. दुसरीकडे दिला तर दळणारी मूठभर मारते म्हणून. गाळणीला कुणाला हात लावू द्यायची नाही. समोरचा कबुतरवाला कबुतरांना वाळू चारून जड करतो, असं ती गिऱ्हाइकांना सांगायची, आणि तेही कबुतरवाला ऐकत असताना.

तिचा नवरा पेफ्तौ होडी चालवायचा. तो होता तोवर हे सगळं हसण्यावारी जायचं. "लग्नाच्या दिवशी हिने माझे दात हलवून बघितले होते," असं तो बियर पिणाऱ्यांना सांगायचा. तो तापाने गेला आणि मावशीच्या संशयाला हसणारं कुणी उरलं नाही. मुलगा एकच, हारखेब. त्याच्यावर मात्र तिचा विश्वास होता. तो खोटं बोलायचा तेव्हाही होता.

मी तिच्या शेजारची. देवळासाठी कापड विणते. आमची गल्ली तशी ओताऱ्यांची. भट्ट्यांच्या धुराने भिंती काळ्या झालेल्या आणि दारादारांत मेणाच्या मांजरी वाळत ठेवलेल्या. माझ्या भिंतीला भिंत लावून अंखहापीचं घर होतं. तो मेणाची बास्तेत करायचा, तिच्यावर माती थापायचा, भाजून मेण पळवायचा आणि त्या पोकळीत कासं ओतायचा. त्याच्या मांजरी बसलेल्या असायच्या, पण आत्ता उठतील अशा. पेफ्तौशी त्याची जुनी दोस्ती, म्हणून तो मावशीला वहिनी म्हणायचा आणि मावशी त्याला अरेतुरे करायची.

पर्शियन आले त्या वर्षी राजाने मेम्फिसमधून माणसं गोळा केली. हारखेब भालाईत म्हणून गेला. अंखहापी वयाने मोठा, पण बाणांची टोकं ठोकायला, तुटलेलं सांधायला लष्कराला ओतारी लागतात, म्हणून त्यालाही नेलं. हारखेब निघाला तेव्हा मावशीने आपल्या गळ्यातली बोटाच्या पेराएवढी काशाची नेथदेवी काढून त्याच्या गळ्यात घातली. ती तिच्या वडिलांनी दिलेली. लहानपणी चावून चावून मावशीने तिच्या मुकुटाचं टोक झिजवलं होतं. अशा लहान मूर्तींच्या पाठीला कडी असते, दोरा ओवायला. त्या सैन्यात क्वचितच एखादा गळा रिकामा असेल.

पूर्वेच्या सरहद्दीवर, किल्ल्यापुढच्या रेतीत लढाई झाली आणि आपण हरलो. नंतर पर्शियन शिपाई नदीकाठच्या गढीत येऊन राहिले, आपल्याच सातूची बियर आपल्याच भांड्यांतून प्यायला लागले, आणि आमची माणसं एकेकटी परत येऊ लागली. कुणी लंगडत आला, कुणी न बोलता आला. हारखेब आला नाही.

अंखहापी आला तो सगळ्यांच्या शेवटी, आणि त्याच्याबरोबर एक गाढव होतं. गाढवावर दोन्ही बाजूंना वेताच्या चटया गुंडाळून बांधलेलं ओझं, इतकं जड की जनावराची पाठ वाकलेली. मावशी दुकान टाकून धावली. तिने हारखेबचं विचारलं. गाढवाचा पट्टा सोडता सोडता, वर न बघता तो म्हणाला, "दिसला नाही, वहिनी."

"एकाच तळावर होतात ना?"

"तळ मोठा होता."

मावशी गाढवाकडे बघत राहिली. "याच्यावर काय आहे?"

"भंगार."

"कसलं भंगार?"

"भंगार म्हणजे भंगार, वहिनी. थकलोय मी."

त्याने ओझं आत ओढलं आणि दार लावून घेतलं. मावशी माझ्याकडे आली, उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "तेशेरी, माणूस लढाईवरून येतो तेव्हा जखम घेऊन येतो, नाहीतर बातमी घेऊन. हा गाढव भरून आलाय."

त्या वर्षी तांब्याच्या होड्या येईनाशा झाल्या. काशासाठी तांब्यात मिसळायचं कथील तर दूरच. गल्लीतल्या भट्ट्या एकामागून एक थंड झाल्या. कुणी विटा पाडायला गेलं, कुणी बायकोच्या माहेरी. धूर निघत होता तो फक्त अंखहापीच्या छपरातून. आणि नवसाला तर ऊत आला होता. ज्यांची माणसं परतली त्यांना नवस फेडायचा होता, ज्यांची परतली नव्हती त्यांना नवा बोलायचा होता. अंखहापीकडे मांजरी होत्या, बाळाला पाजणारी आयसिस होती, मेलेल्यांचा देव ओसायरिस होता. लोक घेत होते, टेकडीवर नेत होते, पुजारी त्या देवीपुढच्या फळीवर मांडत होते. मावशीनेही एक घेतली. हारखेबसाठी. घेताना तिने ती उलटीसुलटी केली, नखाने खरवडली, वास घेतला.

मला नंतर म्हणाली, "कासं कुठून आणतो हा?"

मी म्हटलं, असेल साठवलेलं.

"ओताऱ्याच्या घरी साठवलेलं कासं? आपल्या घरी साठवलेली बियर उरते का?"

मग तिच्या डोक्यात ते शिरलं. देवाला दिलेली मूर्ती पुन्हा माणसाची होत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. फळ्या भरल्या की पुजारी जुन्या मूर्ती देवळाच्या कापडात गुंडाळतात आणि टेकडीमागच्या खड्ड्यात उतरवून वर शिळा ठेवतात. कित्येक पिढ्यांचे देव तिथे जमिनीखाली आहेत. तेवढं कासं तर राजाच्या कोठारातही नसेल. ते उकरून मुशीत घालणारा माणूस इथेही मेला आणि तिथेही मेला. पण भूक लागलेला ओतारी आणि पायाखाली एवढं कासं, असं म्हणून मावशी पुढचं बोलायची नाही. नुसती अंखहापीच्या छपराकडे बघायची.

तिने त्याच्यावर नजर ठेवली. तो कुठल्या वाटेने येतो, त्याच्या पायाला कुठली माती आहे, हे ती बघायची. टेकडीमागची माती पिवळी, नदीकडची काळी. त्याच्या टाचा पिवळ्या दिसल्या की मला बोलवून दाखवायची. एकदा त्याच्या उंबऱ्याशी तिला कापडाची चिंधी सापडली, मळलेली, ताठ झालेली. ती तिने पदराखाली लपवून माझ्याकडे आणली. "ही किनार तुझीच ना? देवळाच्या कापडाची?"

मी बघितली. किनार माझ्या विणीसारखी होती. तसं सांगितलं. एखाद्याला हवी ती वाईट बातमी मिळावी तसा मावशीचा चेहरा झाला.

तिने कुणाला थेट काही सांगितलं नाही. बियर ओतताना विचारायची. तुमच्या हातातली मांजर नवी का? अंखहापीची का? जपा हो, आधी कुणाच्या नवसाची असेल सांगता येत नाही. एवढंच. पण पायथ्याशी टेकणारा प्रत्येक जण ते वर घेऊन जायचा. मलाही संशय यायला लागला. भिंतीपलीकडे भात्याचा आवाज आला की वाटायचं, आता कुणाचे देव वितळताहेत. त्याची बायको बाळंतपणात गेलेली, घरात दुसरं कुणी नाही. एकटा माणूस दार लावून काय करतो हे कळत नाही, आणि न कळण्यातच सगळं सुचतं. विहिरीवर बायका त्याला वाट देईनाशा झाल्या. मूर्ती घेणारे थांबले. कुणीतरी त्याच्या दाराला शेण फासलं. तो काहीच बोलला नाही, आणि न बोलणं हाच पुरावा, असं गल्लीने धरलं.

गोष्ट वर पोचली. उजाहोर म्हणून देवळाचा पुजारी होता, भांडणं आवडत नसलेला गृहस्थ. तोही शेवटी खाली आला आणि म्हणाला, खड्डा उघडू. गल्लीतल्या लोकांसमोर उघडू, म्हणजे नंतर कुणी कुजबुजायला नको.

आम्ही सगळे टेकडीमागे गेलो. अंखहापीलाही नेलं. शिळेच्या फटी लिंपलेल्या होत्या आणि त्या मातीवरचा देवळाचा ठसा जसाच्या तसा होता. उजाहोरने तो फोडला, चौघांनी शिळा सरकवली. आतून जुन्या कापडाचा, धुपाचा वास आला. देव होते. एकावर एक, गुंडाळलेले, वरच्या थराला कोळ्यांची जाळीसुद्धा अखंड. पुजाऱ्याने खाली उतरून हात घालून पाहिलं आणि वर येऊन सांगितलं की इथे कुणी शिरलेलं नाही.

मावशी म्हणाली, "ठसा नवासुद्धा करता येतो."

"शिक्का माझ्या गळ्यात असतो, मुतिर्दिस," उजाहोर म्हणाला.

"तेच म्हणते मी."

माणसं हसली, पण थोडीच. पुजाऱ्याने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि अंखहापीकडे वळून विचारलं की मग कासं येतं कुठून. पुजाऱ्याने पुन्हा विचारलं, आणि सांगितलं की उत्तर नसेल तर भट्टी आजपासून बंद. एवढं झाल्यावर तो बोलला. आवाज चढवला नाही, त्यामुळे मागच्यांना पुढच्यांनी सांगावं लागलं.

तो म्हणाला, रणावरून आणलं. लढाई संपली, पर्शियन पुढे निघून गेले, प्रेतं तशीच राहिली. त्यांच्या अंगावर, अंगाखाली, रेतीत सगळीकडे कासं होतं. शिरस्त्राणं, पट्ट्यांच्या कड्या, बाणांची टोकं, ढालींचे तुकडे. आपल्यांचं, आपल्या बाजूने लढलेल्या ग्रीक भाडोत्र्यांचं, पर्शियनांचं. जे हाती लागलं ते मी गोळा केलं. मावशीने चिंधी पुढे केली, तीही त्याने ओळखली. जखमा बांधायला देवळाने सैन्याला जुनं कापड दिलं होतं. त्याच्या हाताला बांधली होती ती.

प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपापल्या घरची मांजर आली असणार. पोराच्या उशाशी ठेवलेली, देवीपुढे मांडलेली, तोंड लावलेली. एक बाई पदराला हात पुसायला लागली आणि पुसतच राहिली. चोरी नव्हती, पण चोरी असती तर बरं, असं वाटत होतं. उजाहोरला कुणीतरी विचारलं, आता फळीवरच्या मूर्तींचं काय करायचं. आगीतून गेलं की विटाळ राहतो की जातो? तो म्हणाला, मोठ्या देवळात विचारून सांगतो. अजून त्याने सांगितलेलं नाही.

मावशी मात्र दुसऱ्याच गोष्टीशी अडली होती. ती अंखहापीच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

"मेलेल्यांच्या गळ्यात देव होते. त्यांचं काय केलंस?"

"देवाला मी आगीत घातलं नाही, वहिनी."

"मग कुठे आहेत?"

तो घरी निघाला आणि आम्ही सगळे त्याच्या मागोमाग. त्याने आतून खजुरीच्या पानांची झाकणाची टोपली आणली. वर सातूचा कोंडा होता. तो बाजूला केला तर खाली देवच देव. बोटाएवढे, पेराएवढे. डोक्यावर कमळ घेतलेला नेफरतेम, सिंहाच्या तोंडाची सेखमेत, जीभ बाहेर काढलेला बुटका बेस, पाठीच्या कडीत काहींच्या अजून तुटका दोरा. मावशी जमिनीवर बसली, पदर पसरला आणि एकेक मूर्ती उचलून बघू लागली. नेथदेव्या निघाल्या त्या तिने वेगळ्या ठेवल्या, मुकुटाच्या टोकावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा सगळ्या बघितल्या. झिजलेल्या टोकाची एकही नव्हती.

"वितळवलीस तू," ती म्हणाली.

"नाही."

"मग ती कुठंय? तो कुठंय?"

"मला माहीत नाही. दिसला नाही म्हणून सांगितलं होतं."

"दिसला नाही, की सांगत नाहीस?"

मावशी उठली, गुडघे झटकले आणि म्हणाली, "मला तिथे घेऊन चल."

गल्लीने तिला समजावलं. रस्ते धड नाहीत, पर्शियन चौक्या आहेत, आणि अशा माणसाबरोबर जायचं? मावशीला तोच मुद्दा पटला. म्हणून तिने मला बरोबर घेतलं. मी घरी सांगितलं की देवळासाठी सूत बघायला जाते.

धान्याच्या होडीतून आम्ही नदीच्या पूर्वेकडच्या फाट्याने खाली गेलो, पुढे गाढवं केली. सबंध वाटेत मावशी त्याच्याशी बोलली नाही. तो पुढे, ती मागे, म्हणजे नजर राहते. त्याने भाजलेली भाकर पुढे केली तर ती आपलं गाठोडं सोडून वाळका खजूर चघळायची. चौकीवर पर्शियन शिपायाने कुठे जाता विचारलं तेव्हा अंखहापीने मोडक्यातोडक्या त्यांच्या भाषेत उत्तर दिलं आणि आम्हाला सोडलं. यावरही तिने मला कानात विचारलं, हा त्यांची भाषा कुठे शिकला? मी म्हटलं, मावशी, त्याने नुसतं 'बायका' आणि 'रडणं' हे दोनच शब्द सांगितले.

रणाची जागा मला वेगळी वाटली होती. तिथे काहीच उंच नव्हतं. रेती, खाऱ्या पाण्याची डबकी, बोरू, आणि मधेमधे वाऱ्याने उघडी पडलेली हाडं. बोरू कापणारी माणसं त्यांना वळसा घालून आपलं काम करत होती. अंखहापी एका ठिकाणी थांबला आणि म्हणाला, मेम्फिसचे भालाईत इथे उभे होते.

"आणि तू?"

"मी मागे. सामानाशी."

"मग तो दिसला नाही कसा? मागून तर पाठ दिसते."

वारा होता, त्यामुळे तो काय म्हणाला ते मला आधी ऐकू आलं नाही. मग तो जवळ आला आणि पुन्हा म्हणाला.

"दिसला होता, वहिनी."

मावशी हलली नाही. जणू हेच ऐकायला ती एवढ्या लांब आली होती.

तो म्हणाला, सकाळ होती, अजून पहिला बाणही सुटला नव्हता. समोर पर्शियनांची रांग दिसली आणि त्याला पळावंसं वाटलं. कुणाचं लक्ष नाही असं बघून तो बोरूच्या दिशेने सरकायला लागला. तेवढ्यात भालाइतांच्या रांगेतून हारखेबने मान वळवली. त्याने बघितलं. त्याने हाक मारली, "काका, कुठे निघालास?" अंखहापीने ऐकलं, आणि मागे न बघता तो बोरूत शिरला. संपेपर्यंत तिथेच पाण्यात बसून राहिला. सगळं शांत झाल्यावर बाहेर आला तेव्हा चेहरे ओळखू येण्यासारखे राहिले नव्हते. रिकाम्या हातांनी गल्लीत शिरायची हिंमत होईना. म्हणून कासं वेचलं. आणि देव वेचताना मुकुटाचं टोक झिजलेली नेथ शोधत होतो, असं तो म्हणाला. सापडली असती तर तीच आधी आणून दिली असती.

"मला माहीत होतं," मावशी म्हणाली. मग विचारलं, "हाक मारली तेव्हा आवाज कसा होता त्याचा? घाबरलेला?"

"नाही. हसत होता. तो नेहमी मला चिडवायचा तसा."

"हे तरी खरं बोलतोस ना?"

"हे खरं आहे."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, गिऱ्हाइकाने दिलेलं धान्य बघते तशी. तिला काय दिसलं ते तिने कधीच सांगितलं नाही. मग तिने बोरू कापणाऱ्यांकडून एक फळकुट मागून आणलं, गुडघ्यांवर बसली आणि जवळच्या हाडांवर रेती ओढायला लागली. मीही लागले. अंखहापी उभाच होता.

"आपले कोणते आणि त्यांचे कोणते?" तिने विचारलं.

"कळत नाही, वहिनी."

"मग सगळ्यांवर टाक."

उन्हं कलेपर्यंत आम्ही रेती ओढत होतो. वारा पुन्हा उघडी करील हे तिघांनाही दिसत होतं. परतीच्या वाटेवर अंखहापीने भाकर पुढे केली. मावशीने ती घेतली, वास घेतला आणि खाल्ली. त्याच्याशी ती तरीही बोलली नाही.

गल्लीत आल्यावर तिने पहिलं काम केलं ते टोपली उचलून दुकानात नेण्याचं. "हे तुझ्याकडे नको. तुझा भरवसा नाही," एवढं त्याला सांगितलं. त्यानेही आडकाठी केली नाही. पुढे तांब्याच्या होड्या येऊ लागल्या आणि त्याने भट्टी पेटवली. पण घेणार कोण? मग एक दिवस मावशी न सांगता त्याच्या अंगणात जाऊन बसली. मुशीत काय पडतं ते बघत बसली. तांब्याचा प्रत्येक तुकडा तिने आधी हातात घेतला. दुसऱ्या दिवशीही गेली. लोकांनी ते पाहिलं. मुतिर्दिसने डोळे लावून बघितलेलं कासं आहे म्हटल्यावर मांजरी पुन्हा विकल्या जाऊ लागल्या. ती त्याच्यासाठी गेली नव्हती, असं तिचं म्हणणं. ती म्हणायची, चोर एकदा बोरूत लपला की त्याला उजेडात ठेवावं लागतं. आणि तिने तसंच ठेवलं, शेवटपर्यंत. ओतकाम असलं की सकाळी तिचं बाजेसारखं विणलेलं स्टूल त्याच्या अंगणात असायचं.

टोपलीची बातमी होड्यांबरोबर नदीच्या वरखाली गेली. ज्यांची माणसं परतली नव्हती त्या बाया यायला लागल्या. आई, बायको, बहीण. मावशी आधी टोपली दाखवायची नाही. आधी विचारायची. कोणता देव होता? उभा की बसलेला? कुठे झिजलेला, कुठे चेपलेला? नाव काय पोराचं? उत्तरं जुळली तरच झाकण उघडायची. एकदा एक पुरुष आला, भावाची सेखमेत होती म्हणाला, डोळे ओले करून म्हणाला. मावशीने विचारलं, तिच्या कोणत्या हातात काय होतं? तो आधी उजवा म्हणाला, मग डावा. मावशी त्याला इतकं बोलली, इतकं बोलली की कबुतरवाल्याने कानांवर हात ठेवले. कासं विकायला नेणारा होता तो, हे मलाही दिसत होतं. काही मूर्ती मात्र खरोखरच आपापल्या घरी गेल्या. अशी बाई ओळख पटल्यावर फार रडायची नाही. मूर्ती मुठीत धरून बराच वेळ बसायची, आणि मावशी तिला बियर द्यायची, फुकट. फुकट बियर मावशीने आयुष्यात दुसऱ्या कुणाला दिलेली मी पाहिली नाही.

तिची नेथ सापडली नाही. हारखेबची खबरही आली नाही. कुणी सांगितलं पर्शियनांनी कैदी पूर्वेला नेले, कुणी सांगितलं नाही नेले. ती दोघांवरही संशय घ्यायची.

मावशीचे गुडघे गेले त्या वर्षी, पुराचं पाणी ओसरल्यावर, दलदलीकडच्या गावातून एक बाई आली. अंगाला सुक्या मासळीचा वास, पायाला भेगा. मुलाचं नाव सांगितलं. देव कोणता विचारल्यावर म्हणाली, डोक्यावर कमळ घेतलेला, नेफरतेम. एका पायाने तुटका. उत्तर जुळत नव्हतं, तरी मावशीने टोपली उघडली. मला ठाऊक होतं की तसा नेफरतेम टोपलीत कधीच नव्हता; मीच दर महिन्याला त्या मूर्ती पुसायचे. बाईने सगळ्या काढल्या, सगळ्या बघितल्या, परत सगळ्या बघितल्या. मग तळाशी राहिलेला जीभ काढलेला बेस तिने उचलला, दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "हाच."

मी मावशीकडे पाहिलं. आता काय ऐकायला मिळणार हे मला माहीत होतं.

"नीट बघितलंस?" मावशीने विचारलं.

"हो, बाई."

"हाच?"

"हाच." तिने मूर्ती छातीशी धरली होती आणि ती मावशीकडे बघत नव्हती.

मावशीने टोपलीचं झाकण लावलं. "ने," ती म्हणाली.

बाईने लुगड्याच्या काठातून एक धागा ओढून काढला, बेसच्या पाठीच्या कडीत ओवला आणि गळ्यात बांधायला लागली. मावशीने हात पुढे केला. धागा दोन बोटांत धरून तिने ताण दिला, तो तुटला.

"दोरा कच्चा आहे," ती म्हणाली. भिंतीला धरत धरत उठली, आत गेली आणि बियरच्या घड्यांची तोंडं आवळायला ठेवलेला पिळाचा जाड दोरा घेऊन आली. तो तिने स्वतः ओवला, त्या बाईच्या मानेमागे गाठ मारली, आणि गाठ बसते का ते पाहायला दोनदा ओढून बघितलं.